शीर्षकपृष्ठ हरवलेली पुस्तके

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एम. ए.च्या एका विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधाची तोंडी परीक्षा चालू होती. विषय तुकारामांच्या अभंगांतील शेतीच्या प्रतिमा. मुलगी इंदापूर तालुक्यातली, घरी ऊस आणि डाळिंब. त्यामुळे पेरणी, राखण, खळे यांविषयी तिने जे लिहिले होते ते पुस्तकी नव्हते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला, दोन ठिकाणी चिठ्ठ्या घातल्या आणि शांतपणे विचारले, "हे अभंग क्रमांक कोणत्या गाथेतले?" तिने माझ्याकडे पाहिले. "सरांनी दिलेल्या पीडीएफमधून घेतलेत, सर." परीक्षकांनीही मग माझ्याकडे पाहिले.

फाईल मीच दिली होती, आणि एक नव्हे, दोन. एक पहिल्या वर्षी, दुसरी पुढच्या वर्षी, पहिली दिल्याचे विसरून. दोन्हींची पहिली काही पाने गायब होती. संपादक कोण, छापखाना कोणता, साल कोणते, काहीच कळण्याची सोय नव्हती. तिने काही क्रमांक एकीतून घेतले होते, काही दुसरीतून. आता साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सांगायला नको की 'तुकारामांची गाथा' नावाचे एकच एक पुस्तक अस्तित्वात नाही. १८६९ ते १८७३ च्या दरम्यान सरकारी अनुदानाने निघालेली, शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखालची इंदुप्रकाश प्रत आहे. विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा आहे. तुकारामांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने सरकारने काढलेली गाथा आहे. खाजगी प्रकाशकांच्या आणि फडांच्या प्रती तर कितीतरी. संपादकागणिक अभंगांची संख्या, क्रम आणि क्वचित पाठही बदलतो. म्हणजे प्रत सांगितल्याखेरीज अभंग क्रमांकाला काहीच अर्थ उरत नाही. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. घरच्या संगणकावर मात्र पाळत नव्हतो.

परीक्षकांनी समजूतदारपणा दाखवला, सुधारणा करून आणायला सांगितले. पण त्या दिवशी घरी येऊन मी ती हार्ड डिस्क उघडली आणि प्रथमच नीट पाहिली. सहा हजारांच्या आसपास फायली. पंधरा-सोळा वर्षांत महाजालावरून उतरवलेल्या, मित्रांच्या पेन ड्राइव्हवरून घेतलेल्या, अलीकडे व्हॉट्सॲपवरून आलेल्या. इंदापूरच्या महाविद्यालयात शिकवणारे माझे एक मित्र आहेत. बारामती ते इंदापूर हे पन्नासेक किलोमीटरांचे अंतर आम्ही दोघांनी एकमेकांच्या डिस्का घेऊन एसटीने कितीदा कापले असेल! त्यांचा संग्रह माझ्याहून मोठा आणि माझ्याहून बेशिस्त. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर दोन', 'महत्त्वाचे', 'अति महत्त्वाचे'. 'तुकाराम फुल फायनल'. आम्हाला वाटत असे की आमच्याकडे ग्रंथालय आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे रद्दीचे दुकान होते, आणि रद्दीवाला निदान वजन तरी सांगू शकतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी 'कॅलिबर' ही आज्ञावली घेऊन बसायचे ठरवले. ती बहुतेकांना ठाऊक असेल. २००६ साली सोनी कंपनीचे ई-पुस्तक वाचण्याचे यंत्र निघाले, ते लिनक्सवर चालेना, म्हणून कोविद गोयल या भारतीय तरुणाने स्वतःपुरती एक छोटी प्रणाली लिहिली. तिचे हे पुढचे रूप. ('कोविद' म्हणजे जाणकार. नावे कधीकधी अशी जुळून येतात.) ती विनामूल्य आहे आणि तिची संहिता सर्वांना खुली आहे. पुस्तके एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणे, यंत्रावर पाठवणे इत्यादी कामे ती करते, पण त्यासाठी स्वतंत्र लेखाची गरज नाही. मला महत्त्वाची वाटली ती तिची नोंदवही. प्रत्येक पुस्तकाला शीर्षक, लेखक, प्रकाशक, प्रकाशनाची तारीख, मालिका, भाषा, विषयखुणा असे रकाने. हवे असल्यास आपले स्वतःचे रकाने जोडायची सोय. फायली ती आपल्या हिशेबाने लेखकाच्या नावाच्या फोल्डरात ठेवते. त्या फोल्डरांची नावे रोमन अक्षरांत करते, आणि आपला तुकाराम तिथे ओळखू येईल न येईल अशा रूपात बसतो. सुरुवातीला याचा राग येतो. नंतर लक्षात येते की फाईल कुठे ठेवली आहे याची चिंता आपण करायचीच नाही. कपाटात एक पुस्तक एकाच जागी राहते; नोंदीत ते दहा ठिकाणी राहू शकते.

सगळ्या फायली आत घातल्या आणि पहिला साक्षात्कार झाला. पीडीएफ फायलीच्या पोटात जी माहिती असते ती ही आज्ञावली उचलते. ती माहिती टंकलेखन करणाऱ्याच्या संगणकाने भरलेली असते. परिणामी आमच्या संग्रहातले सर्वाधिक ग्रंथ लिहिणारा लेखक निघाला 'ॲडमिन'. त्याखालोखाल 'युजर'. ऐतिहासिक कादंबरीपासून पाककृतींपर्यंत त्यांना कोणताच विषय वर्ज्य नव्हता. जालावरून माहिती आपोआप आणण्याची सोय आहे, परंतु ती मुख्यतः आयएसबीएनच्या बळावर चालते. हा क्रमांक १९७० नंतरचा; त्याआधीच्या पुस्तकांना तो नाहीच, आणि नंतरच्याही कितीतरी मराठी पुस्तकांवर तो छापलेला नसतो. इंग्रजी पुस्तकांचे काम एका दुपारी आटोपले. मराठीसाठी प्रत्येक फाईल उघडून, शीर्षकपृष्ठ पाहून, हाताने लिहिणे एवढा एकच मार्ग उरला.

दुसरा साक्षात्कार नावांचा, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

ही प्रणाली लेखकाच्या नावातला शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे आणते. 'अण्णा भाऊ साठे' व्यवस्थित 'साठे, अण्णा भाऊ' होतात. पण 'तुकाराम महाराज' होतात 'महाराज, तुकाराम'. त्यांच्या मागोमाग 'महाराज, नामदेव', 'महाराज, तुकडोजी'. सगळी संतमंडळी 'म' या अक्षराखाली दाटीवाटीने उभी, जणू दर्शनबारीत. साने गुरुजी 'ग' मध्ये गेले. यावर तोड आहे: ज्यांत अमुक शब्द असेल ती नावे उलटू नयेत, अशी एक यादी आज्ञावलीच्या अंतर्भागात असते. मुळात ती कंपन्या आणि संस्था यांच्यासाठी केलेली. तीत आम्ही 'महाराज', 'गुरुजी', 'बुवा' हे शब्द घातले. दोन मिनिटांचे काम.

टोपणनावांना मात्र दोन मिनिटांची तोड नाही. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून, विनोदी लेख 'बाळकराम' म्हणून. यंत्र विचारते: हे एक लेखक की तीन? आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एक की दोन? माझे मित्र म्हणाले, एक, माणूस एकच. मी म्हणालो, खानोलकरांनी कवितेसाठी वेगळे नाव निवडले हा त्यांच्या लेखनाचाच भाग आहे, तो मी एका कळीच्या दाबाने कसा पुसू? यावर आमचा वाद दोन संध्याकाळी चालला, आणि मला सांगायला हरकत नाही की गेल्या कित्येक चर्चासत्रांत मी इतक्या पोटतिडिकेने बोललो नव्हतो. शेवटी ठरले असे: लेखक या रकान्यात शीर्षकपृष्ठावरचेच नाव, आणि 'व्यक्ती' असा एक नवा रकाना करून त्यात मूळ नाव. उलट बाजूचा धोकाही आहे. 'बहिणाबाई' एवढेच लिहिलेल्या दोन फायली यंत्राने बिनदिक्कत एका बाईच्या नावावर टाकल्या. एक तुकारामांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई. दुसऱ्या १९५१ साली निवर्तलेल्या, खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. यंत्राला हसू नये. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हा घोटाळा मी दरवर्षी पाहतो.

बारामतीत राहणाऱ्या माणसाने मोरोपंतांची नोंद तरी चुकवू नये. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ज्यांनी आयुष्य घालवले, त्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) फायली आमच्या डिस्कांवर 'मोरोपंत', 'मोरोपंत पराडकर', 'मोरो रामचंद्र पराडकर' आणि 'मयूर कवी' अशा चार ठिकाणी होत्या. पाचवा ठिकाणा अधिक मनोरंजक. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या सरकारी प्रकल्पात हजारो जुनी मराठी पुस्तके चित्रांकित झाली आणि पुढे ती 'इंटरनेट अर्काइव्ह'वर गेली. फार मोठे काम. पण तिथली शीर्षके कोणीतरी घाईघाईने रोमन लिपीत ठोकलेली आहेत. ऱ्हस्वदीर्घ नाही, ट आणि त एकच, कधी लेखकाच्या जागी प्रकाशक, कधी भलतेच साल. मराठीत शोधले तर काही सापडत नाही; रोमनमध्ये शोधायचे तर त्या माणसाने कोणती चूक केली असेल याचा आधी अंदाज बांधावा लागतो. उजनीच्या पाण्यातले पळसदेवचे देऊळ जसे पाणी ओसरले तरच दिसते, तशी ही पुस्तके. आहेत, पण ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच.

आणि मोरोपंतांच्या रामायणांचे काय करावे? परंपरा त्यांची संख्या १०८ सांगते. निरोष्ठ रामायण, दाम रामायण, मंत्र रामायण, परंतु रामायण… प्रत्येकाची रचनेतली अट निराळी. छापील संग्रहांत ती एकेका जिल्दीत अनेक बांधलेली असतात. म्हणजे पुस्तक एक, कृती अनेक. नोंद कशाची करायची, जिल्दीची की कृतीची? आम्ही जिल्दीची नोंद करून आतल्या रामायणांची नावे टिपणाच्या रकान्यात लिहिली, कारण तो रकानाही शोधता येतो. हे लिहिताना प्रथमच जाणवले की यांपैकी किती रामायणे मी प्रत्यक्ष वाचली आहेत. आकडा सांगत नाही.

सालाचा रकाना वरवर सोपा. जुन्या शीर्षकपृष्ठांवर शके असतो, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की झाले (वर्षअखेरच्या महिन्यांत एकोणऐंशी). पण साल कशाचे? लेखनाचे, पहिल्या आवृत्तीचे, की हातातल्या फायलीचे? आम्ही मराठीचे प्राध्यापक पहिल्या आवृत्तीचे साल पाठ म्हणून दाखवतो आणि वाचतो मात्र सातवी आवृत्ती. मधल्या आवृत्त्यांत लेखकाने काय बदलले, प्रकाशकाने काय गाळले, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर किती अनुस्वार उडाले, हे आमच्या गावी नसते. 'ग्रन्थ' आणि 'ग्रंथ' ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत हे यंत्राला कळत नाही. शीर्षक जसे छापले तसे लिहायचे आणि आजचे रूप बाजूला द्यायचे, असा दुहेरी उद्योग करावा लागतो. २०२२ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून कॅलिबरमध्ये पुस्तकांच्या आतल्या मजकुरातही शोधता येते. त्याचा आमच्या संग्रहाला उपयोग जवळजवळ शून्य, कारण चित्रांकित पाने ही नुसती चित्रे आहेत आणि श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत जुळवलेल्या फायलींत पडद्यावर मराठी दिसले तरी पोटात भलतीच अक्षरे असतात.

एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, एवढा खटाटोप कशाला? हवे ते जालावर शोधले की मिळते." मिळते, पण 'काहीतरी' मिळते. काय मिळाले हे सांगता येत नाही. दुसरा आक्षेप असा की हे ग्रंथपालाचे काम. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सोल किंवा कोहा यांसारखी प्रणाली असते, ग्रंथपाल दक्ष असतात, पण त्यांच्या दाखल नोंदवहीत येते ते विकत घेतलेले पुस्तक. विद्यार्थी आज ज्यावर प्रबंध लिहीत आहेत ते पुस्तक कोणी विकत घेतलेलेच नाही. ते माझ्या डिस्कवरून त्यांच्या फोनमध्ये गेले आहे. मग त्याची नोंद मी नाही तर कोण ठेवणार? शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंत आणली, तेव्हा त्यांच्या हाताशी यंत्र नव्हते. कोणताही मराठी संशोधक आजही त्या दोन खंडांशिवाय पाऊल टाकू शकत नाही. त्या सूचीसाठी टाळ्या वाजवणारे आपण पुष्कळ आहोत. पण सूची करणे हे समीक्षेहून खालच्या पायरीचे, कारकुनी काम, ही समजूतही आपलीच. मला आता ती मान्य नाही. गडकरी एक की तीन, 'श्यामची आई' ही कादंबरी की आठवणी की बालसाहित्य, 'बलुतं'ला 'दलित आत्मकथन' ही एकच खूण लावून तिथेच थांबायचे का, हे प्रश्न टाळून नोंद करताच येत नाही. समीक्षेच्या लेखात ते टाळता येतात. मी टाळलेले आहेत.

आता अवघड भाग. आम्ही जोडलेल्या रकान्यांत एक 'स्रोत' नावाचा होता. फाईल कुठून आली ते लिहायचे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने स्वतःच संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. त्यांची नोंद अभिमानाने झाली. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके लेखकांच्या संमतीची, तीही झाली. जुनी, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके झाली. आपल्या कायद्याने हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, तेव्हा १९५० साली गेलेले साने गुरुजी २०११ पासून आणि १९५६ साली गेलेले मर्ढेकर २०१७ पासून सर्वांचे झाले. पण जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले. त्यांचा हक्क २०४७ अखेरपर्यंत आहे. त्यांची पुस्तके आमच्या डिस्कवर होती. हयात कादंबरीकारांचीही होती. या सगळ्यांपुढे आम्ही 'माहीत नाही' असे लिहीत गेलो, आणि यादी शेकड्यांत गेल्यावर मित्र म्हणाले, "माहीत नाही कसे? चांगले माहीत आहे."

खरे होते. मराठी कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती खपायला वर्षे लागतात म्हणून व्यासपीठावरून हळहळणारे आम्हीच, आणि तीच कादंबरी भ्रमणध्वनीवर पन्नास विद्यार्थ्यांना पाठवणारेही आम्हीच. गावात पुस्तकांचे दुकान चालत नाही, विद्यार्थ्याकडे तीनशे रुपये नाहीत, ग्रंथालयात एकच प्रत आहे. ही कारणे खोटी नाहीत. पण ती कारणे विद्यार्थ्याची आहेत. नियमित पगार घेणाऱ्या माझी नाहीत. 'माहीत नाही' काढून आम्ही तिथे 'विनापरवाना' असे लिहिले आणि ती पुस्तके वेगळ्या संग्रहात टाकली. त्यातली आजवर चाळीसेक विकत घेतली. उरलेली पुसून टाकावीत असे मित्रांचे म्हणणे. माझा हात अजून उठलेला नाही. ती मी आता कोणाला देत नाही, एवढेच सांगू शकतो.

सहा हजारांपैकी निम्म्या फायली त्याच पुस्तकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रती निघाल्या. वगळावगळ होऊन आजमितीस सुमारे अठराशे नोंदी पुऱ्या झाल्या आहेत. दर रविवारी आम्ही वीस-पंचवीस करतो. नोंदीसह सगळा संग्रह एकाच फोल्डरात राहतो, तेव्हा त्याची एक प्रत बारामतीला आणि एक इंदापूरला ठेवली आहे. एक डिस्क मध्यंतरी बंद पडली, पण काही गेले नाही.

त्या दोन गाथांचे मात्र सांगायचे राहिले. ती मुलगी आणि मी ग्रंथालयातल्या छापील प्रती शेजारी ठेवून बसलो. पहिले वीस अभंग, शेवटचे वीस अभंग, मधले काही पाठ आणि पानांवरचे मथळे ताडून पाहिले. एक फाईल शासकीय गाथेवरून निघालेली ठरली. दुसरी कशाशीच पूर्णपणे जुळेना. तिने सगळे क्रमांक शासकीय गाथेप्रमाणे बदलले, त्यात तिचे अकरा दिवस गेले, आणि या खटपटीत तिला दोन पाठभेद असे सापडले की तिच्या एका प्रकरणाचा निष्कर्षच बदलला. दुसऱ्या गाथेच्या नोंदीत प्रकाशकाच्या रकान्यात आम्ही लिहिले आहे: 'शीर्षकपृष्ठ नाही. पान ९ पासून आरंभ. संपादक अनिश्चित. संदर्भासाठी वापरू नये.' कोणा वाचकाकडे नवव्या पानावर 'अनुक्रमणिका समाप्त' असे छापलेली, दुहेरी चौकटीची जुनी गाथा असेल, तर तिची पहिली आठ पाने पाहायला मी कुठेही यायला तयार आहे.